मिरूचा निकाल राखीव

८ जानेवारी, गुरुवार

पायाचं प्लास्टर महिनाअखेरपर्यंत निघत नाही, डॉक्टर म्हणाले. म्हणजे ठाण्याचं कॉलेज, परीक्षा विभाग, माझं टेबल, सगळं तोवर बंद. खडवलीला ऑफिसच्या सहलीत नदीच्या पायऱ्यांवर सगळे फोटो काढत होते, आणि घसरलं कोण? जी एकाही फोटोत नव्हती ती. नशीब बघा.

संध्याकाळी मिलिंदचा फोन. धाकट्या भावाने आपणहून फोन केला म्हणजे काम असणार. तसंच निघालं. पूर्वी फोन रूपाली करायची, आणि हा मागून ओरडायचा, "ताईला विचार, बरी आहे का." रू. गेल्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून त्याच्या माजिवड्याहून माझ्या डोंबिवलीला फोन सणावारी, तोही दोन मिनिटं. माझी भावजय गेली असं लोक म्हणतात. माझी एकुलती एक मैत्रीण गेली, हे कुणाला सांगायचं.

काम असं: त्याच्या लेकीच्या, मैत्रीच्या, वर्गातल्या सगळ्या पोरी एक कार्टून बघतात. 'मिरू आणि मडक्यांचा डोंगर.' मिरूची आई नाही. गेलेल्या माणसांचे आवाज मडक्यात भरून ठेवलेला एक डोंगर आहे, तिथे ती आईला शोधायला जाते. कुणाची आई म्हणते फार गोड आहे, कुणाची म्हणते पोरगी रडरड रडली. मि.ने मैत्रीला तूर्त बंदी घातलीय.

"ताई, तू घरीच आहेस. बघून सांग ना, आपल्या घरात चालेल का."

तूच का नाही बघत, विचारलं. तर म्हणाला, "मला नाही बघवणार गं."

हो म्हटलं.

९ जानेवारी, शुक्रवार

मि.ने त्याचं लॉगिन पाठवलं. टीव्हीवर उघडलं तर दोन नावं: मिलिंद आणि मैत्री. मिलिंदवर दाबलं की पिन मागतं. त्याला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. मैत्रीच्या नावाला सशाचं चित्र, पिन नाही. तिथूनच शिरले.

पहिला भाग बघितला. हिंदी डबिंग बरं आहे. मिरूबरोबर एक बोकड आहे, बोकू, त्याच्या शिंगाला कंदील. तो सतत खातो आणि सतत सल्ले देतो. आमच्या विभागात असे दोन आहेत.

समोरच्या घरातल्या कुलकर्णी काकू चहा घेऊन आल्या. माझी एक किल्ली हल्ली त्यांच्याकडेच असते. टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सुजाता, बरं वाटतंय ना गं तुला?"

काम आहे म्हटलं. "कार्टून बघायचं काम? मग पगार किती देतात?" आणि बसल्या की बाई शेवटपर्यंत. जाताना म्हणाल्या, "त्या बोकडाला काहीतरी खायला घाला म्हणावं." म्हटलं, कळवते.

१० जानेवारी, शनिवार

मि.चा फोन, आपणहून! "काय झालं आज?"

गोष्ट सांगितली. बोकूने नकाशाच खाल्ला, आता रस्ता त्याच्या पोटात, आणि तो डावीकडे वळला की पोट गुरगुरतं. मि. हसला. नुसतं हूं नाही, खरंच हसला. मी फोन कानाला धरून तशीच बसले. त्याचं हसू विसरलेच होते मी.

निकष असे लावलेत: भीती, मारामारी, भाषा, मंत्र-तंत्र, आणि आईबद्दल खोटं काही सांगतात का. शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त गुणांचा. आज सगळ्यात पास.

१२ जानेवारी, सोमवार

आज दुपारी एक भाग संपल्यावर पुढचा आपोआप सुरू व्हायला लागला. पाय वर, काम काही नाही, बघता आला असता. दोन दिवसांत सगळी मालिका संपवून निकाल मोकळा करता आला असता.

घाईघाईने रिमोट शोधून बंद केला.

स्वतःशी खोटं कशाला. संपलं तर मि. उद्या फोन कशाला करेल? रोज एकच भाग बघायचा, असं ठरवलंय. त्याला सांगितलं, "नीट बघायला वेळ लागतो रे." तो म्हणाला, "घे की वेळ." त्यालाही बरं वाटत असावं. निदान मला तसं वाटून घ्यायचंय.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काकूंनी तिळाची वडी आणली, गोड बोल म्हणाल्या. दिवसभरात बोलायला त्याच, आणि संध्याकाळी मि.

तो म्हणाला, "शाळेच्या व्हॅनमध्ये रोज मिरू मिरू चालतं, मैत्रीला बोलायला काही नसतं. वर्गातल्या आर्याच्या आईने परत विचारलं. काय सांगू?"

"सांग, निकाल राखीव."

"म्हणजे पास की नापास?"

"म्हणजे निकाल लावणारणीला अजून शंका आहे."

आमच्याकडे एखाद्या पोराचा निकाल राखून ठेवला की ते बिचारं रोज खिडकीशी येऊन उभं राहतं. मला त्यांचा राग यायचा, काय रोज रोज येता म्हणून. आता मीच त्यातली झालेय, फक्त खिडकीच्या आतल्या बाजूला.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज ओसाड राजा आला. आवाज खातो. दात, डोळे, धूर, सगळं साग्रसंगीत. काकू घाबरल्या, मी नाही.

कल्याणला चाळीत होतो तेव्हा बाबा आम्हाला तिन्हीसांजेला मुद्दाम स्मशानामागच्या पिंपळाखाली घेऊन जायचे. भुईमुगाच्या शेंगा द्यायचे. खा आणि बघा, म्हणायचे, येतंय का कोण. कुणी आलं नाही. मि. तेव्हा इवलासा, सगळ्यात जास्त शेंगा तोच खायचा. त्या घरातली पोरं आम्ही. रू. गेल्यावर कुणीतरी मैत्रीला म्हणालं, आई चांदणी झाली. मि.ने सगळ्यांदेखत सांगितलं, नाही, आई वारली. ती आता नाही. कडक बोलला. मला तेव्हा तो बरोबर वाटला. अजूनही वाटतो.

आज फोनवर म्हणाला, "राक्षसाचं काय नाही ताई. पोरगी आशा लावून बसायला नको. तेवढं बघ."

तेवढंच बघतेय, म्हटलं. मिरूला अजून आईचं मडकं मिळालेलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

मि. खुशीत. मैत्री हल्ली जेवते नीट. दप्तर स्वतः भरते. शाळेतून आली की हातपाय धुऊन टॅब घेते, दोन मिनिटं बघते, हसते, परत ठेवते. "काय बघते कोण जाणे. पण हट्ट नाही, रडणं नाही. वर्षभरात अशी नव्हती."

दोघांनी मिळून आनंद केला. मी म्हटलं, पोरं आपोआप सावरतात. काय शहाणपणा!

फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं वाटलं. भात एकटीचा लावला की खाली लागतोच, पाणी कितीही घाला.

२२ जानेवारी, गुरुवार

आजचं लगेच लिहून ठेवते.

सकाळी मि.च्या फोनवरून फोन. मैत्री. पप्पा आंघोळीला गेलेत म्हणाली, कुजबुजत.

"आत्या, एक गंमत सांगू? पप्पांना नाही सांगायची."

सांग म्हटलं.

"मम्मी मिरू बघतेय."

मला कळेचना. कुठे, कशी, विचारलं.

"माझ्या टॅबवर. मिरूच्या फोटोखाली लाल रेघ असते ना, किती बघून झालं त्याची. ती रोज पुढे जाते. मी नाही बघत. पप्पांनी नाही म्हटलंय ना. मी फक्त रेघ बघते."

मग ते मम्मीच कशावरून, विचारलं. तर मलाच वेडी ठरवल्यासारखी म्हणाली, "अगं, आधी मम्मीच बघते ना नेहमी! माझ्या नावावर. मग सांगते, हे बघ, हे नको बघू. तिचं बघून झालं की सांगेल मला."

आंघोळीचं पाणी बंद झालं असावं. "ठेवते," म्हणाली, आणि फोन बंद.

रू.ची ही पद्धत मला माहीत नव्हती. इतकं बोलायचो आम्ही, भाजीपासून पाळीपर्यंत, आणि हे कधी निघालंच नाही. पोळ्या लाटता लाटता बघत असणार ती, ओट्यावर टॅब उभा करून. आधी आपण बघायचं, मग पोरीला दाखवायचं.

आणि मी त्या सशाच्या चित्रावर बोट ठेवून रोज एक भाग.

बाबांनी पिंपळाखाली बसवून आमच्या डोक्यातलं भूत काढलं. मी डोंबिवलीत सोफ्यावर पाय वर करून पोरीच्या घरात एक घालून ठेवलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

टीव्ही लावला नाही. दिवसभर नुसती बसून. काकूंनी विचारलं, आज बोकड नाही का? डोकं दुखतंय म्हटलं.

मि.ला सांगितलं, नेट गेलंय. तो म्हणाला, "बरं, उद्या." मग दोघांनाही बोलायला काही नव्हतं. ठेवला.

त्याला सांगायला हवं होतं. जिभेवर आलेलं.

२४ जानेवारी, शनिवार

मि.चा फोन दुपारीच. मैत्री जेवली नाही. काल रात्रीपण नाही. ताप नाही, पोट दुखत नाही. टॅब उघडते, बघते, ठेवते, परत उघडते. "काय झालं विचारलं तर म्हणते, थांबलीय. काय थांबलंय ते सांगत नाही."

मी रिमोट हातात घेतला.

"ताई? ऐकतेस ना?"

ऐकतेय म्हटलं. नेट आलं का, त्याने विचारलं. आलं म्हटलं.

फोन ठेवला आणि टीव्ही लावला. मैत्रीचं नाव, ससा, मिरू. आवाज बंद केला आणि तोंड खिडकीकडे करून बसले. भाग आपला चालू राहिला. कामवाली लता फरशी पुसायला आली, म्हणाली, "ताई, टीव्ही चालूय तुमचा." माहितेय म्हटलं.

याला काय म्हणायचं? बघितलं नाही, फक्त रेघ पुढे ढकलली. आत्तापर्यंत चुकून झालं होतं. आजचं चुकून नाही.

संध्याकाळी मि.चा मेसेज: जेवली. दोन पोळ्या.

मला रडू आलं, आणि तिने खाल्लं म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

२६ जानेवारी, सोमवार

आज मि.ला सांगितलं. सगळं. पिन मागितला म्हणून मैत्रीच्या नावावर गेले इथपासून परवाच्या मुक्या भागापर्यंत. ओरडेल असं वाटलेलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मागे सोसायटीतल्या झेंडावंदनाच्या स्पीकरची खरखर.

मग म्हणाला, "मला माहीत होतं."

काय माहीत होतं?

"रेघ. मीपण बघितलेली. तू सुरू केलंस त्याच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी टॅब चार्जिंगला लावायला घेतला तर समोर. एक सेकंद ताई, खरंच एक सेकंद मला वाटलं..." पुढे बोलला नाही. मग, "लगेच कळलं, तू असणार. मीच तर सांगितलेलं तुला."

"मग मला म्हणाला का नाहीस? पिन का नाही दिलास?"

"तो एक सेकंद बरा होता गं."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"नंतर मैत्री हसायला लागली. मग तर मी विचारलंच नाही काही. तिला काय वाटतंय ते मला कळत होतं. रूपाली असंच करायची. आधी बघायची."

म्हणजे तो रोज फोन करून "काय झालं आज?" विचारायचा तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. मी फोनसाठी भाग लांबवत होते, तो त्या रेघेसाठी. आणि मधे ती पोर, मम्मीच्या निकालाची वाट बघत.

ठरलं: रविवारी तो मैत्रीला घेऊन येईल. सांगायचं. मी सांगायचं, कारण केलं मी. तोवर काय करू, विचारलं. म्हणाला, "बघत राहा." मग लगेच, "नाही, नको." मग, "तुला वाटेल ते कर." एवढा मोठा बाप्या, हाताखाली माणसं आहेत त्याच्या, आणि धड एक सांगता येईना.

२८ जानेवारी, बुधवार

बघितला. या वेळी आवाज लावून, नीट, समोर बसून. निदान मालिका तरी न्यायाने तपासावी.

मिरूला मडकं मिळालं. कानाला लावलं. आत नुसती हवा. तिने परत लावलं, आणखी जोरात. मला वाटलं आता आवाज येणार, सगळीकडे येतो तसा. नाही आला. बोकूने पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही. भाग तिथेच संपला.

खोटं सांगत नाहीत. मानलं या लोकांना. मैत्रीला दाखवायला हरकत नाही, उलट दाखवावंच. आज हा निकाल देता आला असता. पण आता तो मी देणार कोण म्हणून? आत्याने दिला तर ती ऐकेल, पण वाट आत्याची बघतच नव्हती.

प्लास्टर परवा निघणार. त्याचाही आनंद होईना.

१ फेब्रुवारी, रविवार

आली दोघं. पायाकडे बघून मैत्री म्हणाली, "आत्या, हा पाय बारीक झालाय." दोन्ही पाय मोजून बघितले तिने दोरीने. उंच झालीय. मान वळवून बघते ती सवय थेट रू.ची, मला ते बघणं जड जातं. शेवचिवडा खाल्ला, काकूंकडे जाऊन आली, बोकड त्यांना किती आवडतो ते ऐकून आली.

मि. चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला. ते ठरलेलंच होतं.

मी तिला जवळ बसवलं. फार घोळवलं नाही. म्हटलं, "मैत्री, तुझ्या टॅबवरची ती रेघ आहे ना, मिरूची. ती मी पुढे नेत होते. मी बघत होते इथून, या टीव्हीवर. तुझ्या नावावर. चुकून तुझ्या नावावर गेले. मम्मी नव्हती ती."

रडली नाही. मला वाटलेलं रडेल, किंवा मारेल, किंवा पप्पा म्हणून ओरडेल. सगळ्याची तयारी केलेली. भूत नसतं ते कसं सांगायचं, मेलेलं माणूस परत का येत नाही, मम्मी तुझ्या आठवणीत कशी आहे, सगळी उत्तरं चार दिवस घोकून ठेवलेली.

ती सोफ्याच्या कडेचा दोरा ओढत बसली. बराच. मी म्हटलं, "रागावलीस?" मान हलवली, नाही.

"रोज तूच?"

"रोज मीच."

"त्या दिवशी थांबलेली, तेव्हा?"

"तेव्हा मीच थांबले होते."

परत दोरा. मग वर बघितलं माझ्याकडे, सरळ, आणि हळूच विचारलं, "मग मम्मीने सांगितलेलं का तुला? आधी तू बघ, असं?"

हे घोकलेलं नव्हतं.

उत्तर सरळ आहे. नाही. रू.ने मला असं कधी काही सांगितलं नाही. शेवटी शेवटी हॉस्पिटलात तर ती माझ्याशी पाण्यापलीकडे काही बोललीच नाही. बाबांच्या घरात 'नाही' हा शब्द उच्चारायला कुणाला कधी वेळ लागला नाही. मि.ला तर नाहीच, वर्षापूर्वी सगळ्या नातेवाइकांत खणखणीत बोललेला.

दारात बघितलं तर मि. उभा. हातात दोन कप. चहा नुसता हातात धरलेला, पुढे येत नाही, मागे जात नाही. तोही माझ्याच तोंडाकडे बघत होता, मैत्रीसारखाच, आणि त्यालाही माझ्याकडून 'नाही' ऐकायचं नव्हतं.

मी म्हटलं, "आठवून सांगते हं तुला."

ती "बरं" म्हणाली आणि चिवडा खायला लागली. मि.ने चहा ठेवला. बाकी मग शाळा, व्हॅन, माझा जिना उतरायचा सराव, असलंच बोलणं झालं. जाताना जिन्यातून ओरडून म्हणाली, "आत्या, आठवलं की फोन कर."

आत्ता साडेसहा वाजलेत. गेल्यापासून फोन समोर घेऊन बसलेय. आठवायचं काही नाही, ते मलाही माहीत आहे.